नवमीच्या उन्हातली बाटली

डॉ. त्र्यंबक ताम्हाणे यांना त्या दसऱ्याला काय काय मिळणार होतं, ते आधी जमेला धरू. म्हणजे खर्चाची बाजू आली की तोंड फिरवायला जागा राहणार नाही.

पहिली जमा, कल्याणच्या डॉ. चित्रा जयवंत. त्यांच्या नर्सिंग होममध्ये डोंबिवली, उल्हासनगर, पार बदलापूरपासूनचे पेशंट यायचे. रक्ताच्या कॅन्सरचा संशय आला की त्या काचेच्या स्लाइड मुंबईला पाठवायच्या आणि उत्तराची वाट बघत बसायच्या. "ठाण्यात कुणी करत असेल तर मी कशाला मुंबईच्या पायऱ्या झिजवू?" असं त्या एकदा बोलून गेल्या. त्या विसरल्याही. त्र्यंबकने मात्र ते वाक्य उचलून नौपाड्याला घरी आणलं.

दुसरी जमा, सुधीरचं तोंड. सुधीर मेडिकल कॉलेजपासूनचा मित्र, मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात पॅथॉलॉजिस्ट. लग्न असो, मुंज असो, चार माणसांत तो त्र्यंबकच्या पाठीवर थाप मारून विचारायचा, "काय रे, ठाण्याची लघवी काय म्हणतेय?" सगळे हसायचे. त्र्यंबकही हसायचा. हसताना त्याच्या कानाची पाळी लाल व्हायची. ते फक्त त्याच्या बायकोला, सुमेधाला, दिसायचं.

तिसरी जमा किरकोळ. लॅबच्या पाटीवर खाली रिकामी जागा होती आणि 'रक्ताच्या कॅन्सरच्या विशेष तपासण्या' एवढी अक्षरं तिथे बसतात का, हे त्याने रंगाऱ्याला विचारून ठेवलं होतं. बसत होती.

पैशाचं म्हणाल तर त्यात विशेष काही नव्हतं. माणसं पैशासाठी चुकतात तेव्हा निदान चटकन सापडतात.

आता ही तपासणी काय, ते सांगायला हवं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे अंगातले शिपाई. त्यांच्या एका पलटणीच्या कमरेला हत्यार असतं. त्याचं नाव मायलोपेरॉक्सिडेज. हे एक एंझाइम. जंतू तावडीत सापडला की त्याच्या जोरावर पेशी जागच्या जागी ब्लीचिंगच्या जातीचं एक जहाल द्रव्य तयार करते आणि जंतूला संपवते. दुसऱ्या पलटणीकडे हे हत्यार नसतं. तिची लढायची तऱ्हा निराळी. रक्ताचा कॅन्सर होतो तेव्हा यांतली एक पलटण उलटते. कच्च्या, अर्धवट पेशींची झुंड रक्तात उतरते आणि नुसत्या चेहऱ्यावरून ती कुठल्या पलटणीची ते नेहमी कळत नाही. मग झडती घ्यायची. काचेवर रक्ताचा पातळ थर पसरायचा, त्यावर बेंझिडीन नावाचं रसायन, मग हायड्रोजन पेरॉक्साइडचं पाणी. हत्यार असलं तर पेशीत निळे दाणे उमटतात, नसलं तर पेशी कोरी राहते. दोघींची औषधं वेगळी. एकीचं औषध दुसरीला दिलं तर आठवडे फुकट जातात, आणि या आजारात माणसाच्या गाठीला आठवडेच असतात.

शहाऐंशी सालच्या भाद्रपदात ही सगळी सामग्री त्र्यंबकने मुंबईहून आणून ठेवली. आता फक्त पेशंट हवा होता. असं कुणी तोंडाने म्हणत नाही. त्यानेही म्हटलं नाही.

*

पेशंट घरचाच निघाला.

ताम्हाण्यांच्या घराला दोन दारं. पुढच्या खोलीत लॅब. त्या दाराने रक्त, थुंकी, लघवी यायची. मागच्या दाराने मासळी. मागचं दार चेंदणी कोळीवाड्यातल्या मनुबाईचं. तिची सासू इथे पाटी उतरवायची, मग मनुबाई. कोळणीची गल्ली म्हणजे तिची जमीनच. ती लेकीसुनांना वाटून देता येते. मनुबाईचे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा तिने नौपाड्याची गल्ली धाकट्या लेकीला, शेवंतीला, दिली आणि आपण बाजारात बसायला लागली.

शेवंती विशीतली, आणि जिभेला कोयत्याइतकीच धार. सुमेधा एकही मासा कल्ला उघडून बघितल्याशिवाय घ्यायची नाही.

"वयनी, कल्ला बगता, डोला बगता, पोट दाबून बगता. डाक्टर कोन हाय, तुमी का ते?"

"ताजा असेल तर दाबलं म्हणून काय बिघडतं गं?"

"बिगडत नाय. पन त्याला लाज वाटते."

गणपतीनंतर तिची जीभ जरा मंदावली. पाटी उतरवून ती पायरीवर बसून राहायला लागली. काखेखाली, पाटीची कड लागते तिथे, निळे डाग आले. दात घासताना रक्त येतं म्हणाली. सुमेधाने तिची पापणी खाली ओढून बघितली आणि सांगितलं, "उद्याच्या उद्या यांना रक्त देऊन जा."

"घट बसू द्या. नवरात्रात कोन घेतंय मासली? तवा येतंय."

अष्टमीला मागच्या दाराची शेवंती पहिल्यांदा पुढच्या दाराने आली. मनुबाई बरोबर होती. त्र्यंबकने रक्त काढलं, स्लाइड केल्या, एक नेहमीच्या रंगात बुडवून मायक्रोस्कोपखाली धरली आणि बराच वेळ डोळा वर घेतला नाही. भिंगाखालचं सगळं वर्तुळ कच्च्या पेशींनी भरलं होतं.

त्याला वाईट वाटलं. खरंच वाटलं, ते त्याच्या नावावर मांडलंच पाहिजे. पोरगी त्याच्या डोळ्यांसमोर परकरातून लुगड्यात आली होती. पण वाईट वाटण्याच्या पाठोपाठ, अगदी त्याचा पदर धरून, दुसरं काहीतरी आत आलं आणि त्याने त्याला बसायला जागा दिली.

कल्याणला फोन लागला. चित्राबाई म्हणाल्या, "पेरॉक्सिडेज लावायला हवं. मी मुलीला सरळ मुंबईला पाठवू का?"

"कशाला? आपल्याकडे होतं आता."

"हो? मग छानच की. उद्या सांगाल?"

"उद्या सांगतो."

त्याने पुस्तक उघडून कृती पुन्हा वाचली. पेरॉक्साइडचं पातळ पाणी ऐनवेळी करा, असं त्यात होतं. उद्या सकाळ म्हणजे ऐनवेळच की, असं म्हणून त्याने ते त्याच दिवशी करून ठेवलं. साध्या, पांढऱ्या काचेच्या बाटलीत.

*

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारांची पूजा. ज्याचं पोट ज्या वस्तूवर, त्याचं ते हत्यार. सुमेधाने पूर्वेच्या खिडकीखाली पाट मांडला. त्यावर मायक्रोस्कोप, सेंट्रिफ्यूज, नळ्या, सुया. बाटली हातात घेऊन तिने विचारलं, "अहो, ही नवीनच ना? हीपण ठेवू?"

"ठेव की. यंदाची मानकरी तीच आहे."

तिने बुचाला हळदकुंकू लावायचा प्रयत्न केला, ते घसरलं. मग तिने बूच काढलं आणि कलशावर नारळ ठेवावा तसं बाटलीच्या तोंडावर झेंडूचं टपोरं फूल बसवलं. सकाळचं ऊन काचेतून आरपार गेलं. त्र्यंबक म्हणाला, "छान दिसतंय."

तेवढ्यात मनुबाई आणि शेवंती आल्या, काय निघालं विचारायला. त्र्यंबकने त्यांना शिपायांची गोष्ट सांगितली. कॅन्सर हा शब्द त्याने मनुबाईला बाजूला घेऊन, हलक्या आवाजात सांगितला. पण शेवंती पाटासमोर मांडी घालून बसली होती आणि तिचे कान चांगले होते.

"म्हंजे माज्या रगतातल्या शिपायांकडं कोयता हाय का नाय, ते बगायचं?"

"तसंच काहीसं."

"कोलनीच्या रगतात कोयता नसंल तर कोनाच्या असंल?" ती म्हणाली, आणि मग बाटलीकडे वाकली. "वयनी, बगा. बाटली श्वास घेतंय."

झेंडूच्या दोन पाकळ्या पाण्यात पडल्या होत्या. त्यांच्या अंगावरून बारीक बुडबुडे सुटत होते, एकामागून एक, वर येऊन फुटत होते.

"अगं बाई, खरंच की!" सुमेधा म्हणाली.

"देवानं निवद घेतला," मनुबाईने हात जोडले.

त्र्यंबक हसला. हिरव्या-पिवळ्या पाल्याफुलांत पेरॉक्साइड मोडून टाकणारं द्रव्य असतं आणि ते बुडबुडे म्हणजे पेरॉक्साइडचा निघून चाललेला जीव, हे त्याला येत होतं. परीक्षेत आलं असतं तर त्याने लिहिलं असतं. पण देवाच्या पाटासमोर, बायकोने मांडलेल्या पूजेत, हळदीकुंकवाच्या वासात ते त्याच्या मनात आलं नाही.

आरती झाली की मायक्रोस्कोप उचलून तपासणी करायची, असं त्याने ठरवलं होतं. त्याने हात पुढे केला तशी मनुबाई मधे आली.

"आज हत्याराला हात? नको, डाक्टर. आमचं जालं, होडी, कोयता, सगलं बसलंय आज. माज्या पोरीपायी तुमाला दोष नको. उद्या बगा."

"चालेल?" त्याने विचारलं. नवी कृती आणखी एकदा वाचायला मिळेल, हे त्याला बरंच वाटलं. "तसं एका दिवसाने काही फरक पडत नाही."

हे तो खरं बोलला. स्लाइड अंधाऱ्या डब्यात नीट होत्या. एका दिवसाने त्यांचं काही बिघडणार नव्हतं. खिडकीतली बाटली तेवढी दिवसभर उन्हात श्वास घेत राहिली.

*

दसऱ्याला सकाळी त्याने फूल काढलं, पाकळ्या चिमट्याने काढल्या, बूच लावलं आणि कामाला बसला. बेंझिडीन, मग पेरॉक्साइड, मग पाण्याची बारीक धार. स्लाइड वाळवून मायक्रोस्कोपखाली घेतली.

कच्च्या पेशींची झुंड कोरी होती. हत्यार नाही. म्हणजे लिम्फोब्लास्टिक, दुसरी पलटण. उत्तर मिळालं.

पण झुंडीत इथे-तिथे जुन्या, पिकल्या, शहाण्या पेशीही उरलेल्या असतात. त्यांच्याकडे हत्यार असायलाच हवं. त्यासुद्धा कोऱ्या होत्या.

त्र्यंबकने डोळा काढला, पुसला, पुन्हा लावला. कोऱ्याच.

याचे अर्थ दोन. कधीकधी आजारात चांगल्या पेशींचंही हत्यार गळतं. तसं पुस्तकात होतं आणि ते पान त्याला आठवलं. नको असलेली पानं आठवत नाहीत, हवी असलेली बरोबर आठवतात. दुसरा अर्थ, बाटलीत नुसतं पाणी आहे. कुठला खरा ते ठरवायला करायचं होतं एवढंच: स्वतःच्या बोटाला सुई टोचायची, निरोगी रक्ताचा थेंब दुसऱ्या काचेवर पसरायचा आणि त्याच बाटलीने तोही रंगवून बघायचा. सुई समोर होती. तिच्यावर कालचं कुंकू होतं.

"अहो, झालं का?" आतून सुमेधा. नवी साडी, हातात आपट्याची पानं. तिचं माहेर डोंबिवलीला, दसऱ्याचं जेवण तिकडे. "आई श्रीखंड करून बसलीय. उशीर झाला की बाबा बोलत नाहीत, पण घड्याळाकडे बघतात."

"आलो."

सुई टोचली असती आणि तो थेंबही कोरा निघाला असता, तर चित्राबाईंना सांगावं लागलं असतं की माझ्याकडे जमलं नाही, मुंबईला पाठवा. आणि मुंबईला स्लाइड बघणार कोण, तर सुधीर.

त्याने कल्याणला फोन लावला. "निगेटिव्ह. लिम्फोब्लास्टिक."

"नक्की?"

"नक्की."

"चला, वाईटातला त्यातल्या त्यात बरा. औषध ऐकतो तरी हा. पोरीला माझ्याकडेच ठेवते. आईला कल्याण जवळ पडेल."

डोंबिवलीला सासऱ्यांनी आपट्याचं पान हातात ठेवताना विचारलं, "काय म्हणतेय लॅब?" त्र्यंबकने सांगितलं. ठाण्यात असं पहिल्यांदाच झालं, हेही सांगितलं. श्रीखंडाची दुसरी वाटी त्याने नको म्हटली नाही.

*

गोळ्या आणि इंजेक्शनं सुरू झाली. सुमेधा डबा घेऊन कल्याणला गेली तेव्हा शेवंतीचे गाल फुगले होते. त्या गोळ्यांनी तसं होतं.

"वयनी, बगा, पापलेट झालंय माजं. आता कल्ला उगडून बगू नका हां."

सुमेधा हसत घरी आली आणि म्हणाली, "सुधारतेय हो." त्र्यंबकला इतकं हलकं वाटलं की त्याने त्या संध्याकाळी रंगाऱ्याला बोलावणं पाठवलं.

मग ताप आला. मग नाकातून रक्त. कच्च्या पेशी औषधाला भीक घालत नव्हत्या. चित्राबाईंनी आणखी थोडी वाट बघितली, रिपोर्ट पुन्हा वाचला, आणि शेवटी गाडी करून मुलीला मुंबईला धाडलं. शीळफाट्याला गाडी वळली तेव्हा शेवंतीने आईला विचारलं, "आये, नौपाड्याच्या गल्लीत कोन जातंय?"

"कोन नाय," मनुबाई म्हणाली. "तुजीच हाय ती."

मुंबईला पुन्हा रक्त काढलं, पुन्हा झडती झाली. सुधीरचा फोन आला तेव्हा त्र्यंबक पाटीखाली उभा राहून नवी अक्षरं बघत होता.

"त्र्यंबक, तुमच्याकडची ती मुलगी. शेवंती." सुधीरचा आवाज वेगळाच होता. "रंगली रे. निळीशार. एक-दोन पेशी नाही, झुंडच्या झुंड."

त्र्यंबकने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तू कंट्रोल लावला होतास ना? निरोगी रक्ताचा?"

"हो."

 मग सुधीर म्हणाला, "बरं." आणि फोन ठेवला.

त्यानंतर सुधीरने ठाण्याच्या लघवीची चौकशी कधीही केली नाही. लग्नात भेटला की अदबीने बोलायचा, मुलांचं विचारायचा, थाप मारायला उचललेला हात मागे घ्यायचा. त्र्यंबकला सुधीरचं तोंड बंद हवं होतं. ते मिळालं.

तिथे बरोबर औषध सुरू झालं, पण ते औषधही जबर, आणि पोरीच्या अंगात तोवर ते सोसायला काही उरलं नव्हतं. शिमग्याच्या आधी, कोळीवाड्यात होळीची लाकडं जमत असताना, शेवंती गेली.

*

चित्राबाई स्वतः नौपाड्याला आल्या. चहा घेतला नाही.

"काय झालं असेल, त्र्यंबक? मला कळायला हवं. मी तुमच्या शब्दावर थांबले."

आता हा माणूस खोटं बोलणारा नव्हे, असं त्याला ओळखणारे सगळे सांगतील, आणि सुधीरला दिलेला तो एक 'हो' सोडला तर ते खरंही आहे. त्याने खोट्याला लागणारं सगळं सामान खऱ्यातूनच उचललं.

"स्लाइड शिळी झाली असावी," तो म्हणाला. "हे एंझाइम फार नाजूक असतं. ठेवलेल्या काचेत मरतं. अष्टमीची स्लाइड मला दसऱ्याला करावी लागली. नवमीला करायला बसलो होतो, पण तिच्या आईनेच हात धरला. आज हत्याराला हात लावू नका म्हणाली."

एंझाइम नाजूक असतं, हे खरं. जुन्या काचेत मरतं, हे खरं. आईने हात धरला, हेही खरं. एका दिवसात मरत नाही, एवढंच त्याने आपल्याजवळ ठेवलं. आतल्या दारात सुमेधा उभी होती.

चित्राबाईंनी मान हलवली. "काय ही माणसं," एवढंच म्हणाल्या, आणि त्यांच्या स्लाइड ठाण्याला येत राहिल्या. त्या मनाने वाईट नव्हत्या. मनुबाई राहिलेले कागद घ्यायला कल्याणला गेली, आणि माझी पोर कशाने गेली म्हणून पाय धरून बसली, तेव्हा कंटाळून, दमून, त्या बोलून गेल्या: "अहो, त्या दिवशीच करू दिली असती तपासणी तर... स्लाइड शिळी झाली." बोलून गेल्या आणि विसरल्या. हे वाक्य कुणी उचलून घरी नेलं, ते निराळं सांगायला नको.

मनुबाई गुडघ्यांना फडकी बांधून पुन्हा नौपाड्याच्या गल्लीत पाटी घेऊन फिरू लागली. लेकीला दिलेली गल्ली दुसऱ्या कुणाला द्यायची नाही म्हणाली.

पुढच्या खंडेनवमीला सुमेधा पाट मांडत होती. तिने बाटल्यांना हात घातला, तसा त्र्यंबक खुर्चीतून उठला.

"बाटल्या नकोत."

"का हो?"

"नकोत. फक्त मायक्रोस्कोप ठेव."

तो बाटल्या उचलून आत घेऊन गेला. कल्ला उघडून मासा ओळखणारी बाई; तिला आणखी काय सांगायचं? ती झेंडूचं फूल हातात धरून खिडकीशी उभी राहिली. बूच काढलं होतं ते तिने. फूल ठेवलं होतं ते तिने. चित्राबाईंना सांगितलेलं तिने ऐकलं होतं. त्या दिवसापासून दोघं एकाच घरात एकाच गोष्टीभोवती वळसा घालून चालायला शिकली, जशी माणसं अंधारात ओळखीच्या खाटेला वळसा घालतात.

त्र्यंबक तेव्हापासून प्रत्येक पेरॉक्सिडेजला आधी स्वतःच्या बोटाला सुई टोचतो. निरोगी थेंब रंगला तरच पुढचा शब्द. डाव्या हाताच्या बोटाच्या टोकाला त्याने घट्टा पडलाय. त्याच्याइतका पक्का रिपोर्ट ठाणे-कल्याणात कुणाचा नाही, असं डॉक्टर म्हणतात, आणि तेही खरंच आहे.

कधीकधी तो स्वतःला सवलत द्यायचा. बरोबर औषध पहिल्या दिवसापासून मिळालं असतं तरी त्या काळात त्या आजारातून किती जण वाचत होते? थोडेच. हा आकडा त्याने घासून घासून लख्ख ठेवला होता. पण सगळी सवलत घेऊनही तळाशी बाकी राहायचीच. थोड्यांत शेवंती असू शकली असती. तिच्या हातात पत्ते यायच्या आधीच त्याने डाव उचलला.

*

पंच्याण्णव साल. खंडेनवमी. लॅब शेजारच्या गाळ्यापर्यंत वाढली होती. सुमेधा आत हळदकुंकवाचं तबक भरत होती. मागच्या दाराशी पाटी टेकल्याचा आवाज आला म्हणून त्र्यंबकने दार उघडलं.

मनुबाई. पाटी भरलेली, बोय आणि कोलंबी, वर ओलं फडकं. नवरात्रात नौपाड्यात कोण घेतंय?

ती दर नवमीला यायची, हे त्याला माहीत होतं. गरज असेल, असं त्याने धरून ठेवलं होतं. त्या दिवशी त्याचं मन जरा मोकळं होतं, म्हणून तो सहज चिडवायला गेला.

"काय मनुबाई, आज तरी कोयत्याला सुट्टी द्या. पूजा नाही का तुमच्यात?"

"घरचे करतात. माजा कोयता मी नाय बसवत." तिने तो पाटीतून काढून दाखवला. लखलखीत होता. "नवमीला मुद्दाम चालवतंय. कोलीवाड्यात हसतात मला, म्हातारी देवाशी भांडते म्हनून."

"का पण?"

तिला नवल वाटलं. "तुमी इचारता? तुमच्याच दारात तर बोलले मी. 'उद्या बगा.' तुमी हात घातला होता, मीच अडवला. स्लाईड शिली झाली. कल्यानच्या बाईनी सांगितलं मला सगलं." तिने कोयत्याच्या पात्यावरून बोट फिरवलं. "आयुष्यभर ताजी मासली इकली, डाक्टर, आनि पोरीचं रगत शिलं केलं."

आत तबकाचा आवाज थांबला. सुमेधा दारापर्यंत आली आणि तिथेच उभी राहिली. ती मनुबाईकडे बघत नव्हती. नवऱ्याकडे बघत होती.

"मनुबाई," त्र्यंबक म्हणाला.  "एका दिवसाने काही झालं नव्हतं. मी तेव्हाच म्हटलं होतं तुम्हाला. ती स्लाइड शिळी नव्हती."

"नव्हती?"

"नव्हती."

मनुबाई पायरीवर बसली. कितीतरी वर्षांत ती त्या पायरीवर बसली नव्हती. तिने वर बघितलं आणि विचारलं, "मंग?"

एवढाच शब्द. पुढच्या खोलीत पाटावर मायक्रोस्कोप झेंडूच्या माळेत बसला होता, आणि खिडकीतून तेच ऊन आलं होतं. त्र्यंबकने अंगठ्याने डाव्या हाताच्या बोटावरचा घट्टा चाचपला. बाटली. बाटलीत पाणी होतं. चार शब्द. सुमेधाने तबक दाराशी खाली ठेवलं. तो बोलला असता तर तिला हात मोकळे हवे होते, मनुबाईला सावरायला किंवा स्वतःला.

"मग काय," तो म्हणाला. "आजारच तसा होता."

मनुबाई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं, आणि ते बघवेना.

"तुमी देवमानूस, डाक्टर. मला बरं वाटावं म्हनून बोलता. येवड्या वर्सांनीपन." तिने डोळे पुसले आणि पदर खोचला. "पन मला म्हाईत हाय मी काय केलं ते."

ती उठली. फडकं नीट केलं, डोक्यावर चुंबळ ठेवली, आणि नेहमीसारखी म्हणाली, "वयनी, जरा हात लावा."

भरलेली पाटी एकटीला डोक्यावर घेता येत नाही. सुमेधाने दुसरी कड धरली. दोघींनी मिळून ती उचलली. सकाळपासून एक मासा कमी झाला नव्हता. सगळं वजन जसंच्या तसं होतं. सुमेधाने कड सोडली.

हिशेब म्हणाल तर असा. सुधीरने एक थट्टा सोडली. चित्राबाईंना काही लागलं नाही, त्या विसरल्या. सुमेधाने बोलणं सोडलं, म्हणजे त्या एका गोष्टीपुरतं. त्र्यंबकने दिलं बोटाचं टोक. मिळाली पाटीवरची अक्षरं, आणि आज त्यावर देवमाणूस. शेवंतीने सगळंच दिलं. जे उरलं ते मनुबाई डोक्यावर घेऊन, गुडघे सांभाळत, गल्लीच्या पुढच्या दाराकडे चालू लागली.